तुम्ही विचारा, आम्ही शोधतो : सगळे एस्पोसितो एकमेकांचे कोण लागतात?

प्रश्न : मी फुटबॉलसाठी रात्र रात्र जागणारा माणूस आहे. इटलीत पियो एस्पोसितो नावाचा तरुण स्ट्रायकर सध्या गाजतोय, त्याचे दोन मोठे भाऊ पण फुटबॉलर. मग लक्षात आलं की जियानकार्लो एस्पोसितो नावाचा अमेरिकन नट आहे, आईस हॉकीत फिल आणि टोनी एस्पोसितो होऊन गेले, आणि मार्गेरिटा पिझ्झा पहिल्यांदा ज्याने केला म्हणतात तो पण राफाएले एस्पोसितो. हे काय एवढं मोठं खानदान आहे का? मूळ गाव एकच का यांचं?

उत्तर : खानदान बिलकुल नाही, आणि खरी गंमत तीच आहे.

आधी तुमच्या यादीचा हिशेब लावून टाकू. साल्वातोरे, सेबास्तियानो आणि पियो हे तिघं सख्खे भाऊ, नेपल्सच्या आखातावर कास्तेल्लामारे दि स्ताबिया नावाचं गाव आहे तिथले. फिल आणि टोनी हे पण सख्खे भाऊ, पण ते कॅनडात ओंटारिओमधल्या सू सेंट मेरीचे, एक समोरच्याच्या जाळीत गोल घालणारा (१९७०-७१ च्या सीझनमध्ये ७६ घातले त्याने) आणि दुसरा आपली जाळी राखणारा गोलकीपर, म्हणजे लहानपणी अंगणात काय चालत असेल विचार करा. जियानकार्लो १९५८ चा, जन्म चक्क कोपनहेगनचा, वडील नेपल्सचे आणि आई आफ्रिकन-अमेरिकन ऑपेरा गायिका. राहिला राफाएले, तो नेपल्सचा पिझ्झावाला, १८८९ मध्ये राणी मार्गेरिटासाठी त्याने पिझ्झा केला ही गोष्ट सगळीकडे सांगतात, इतिहासवाले ती जशीच्या तशी मानत नाहीत, पण तो वाद इथे नको.

आता या लोकांचं एकमेकांशी नातं आहे का, तर आडनावावरून काहीच सांगता येत नाही. कारण बहुतेक आडनावं एखाद्या माणसापासून, धंद्यापासून नाहीतर गावापासून सुरू होतात, आणि हे सुरू झालंय भिंतीतल्या एका भोकापासून. मी हे अलंकारिक वगैरे बोलत नाहीये हां, खरोखर भिंतीतलं भोक.

लॅटिनमध्ये एक्सपोनेरे म्हणजे बाहेर ठेवणे, उघड्यावर ठेवणे, आणि एक्सपोझितुस म्हणजे असं बाहेर ठेवलेला. त्याचं झालं एस्पोसितो. उघड्यावर कोण ठेवलेला? तर जन्मल्यावर आईबापांनी सोडून दिलेलं मूल. कधी चर्चच्या पायरीवर, कधी रस्त्यात, आणि पुढे पुढे नेपल्सच्या आन्नुनझियाता या संस्थेच्या भिंतीत. ही संस्था चौदाव्या शतकापासूनची, म्हणजे चर्च, हॉस्पिटल, अनाथालय सगळं एकत्र, मधल्या काळात तर त्यांची स्वतःची बँक पण होती, ती १७०२ मध्ये बुडाली. तर या संस्थेच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक चौकोनी भोक होतं आणि त्याच्या मागे लाकडी पिंप, स्वतःभोवती फिरणारं. त्याला म्हणायचे रुओता, म्हणजे चाक. बाहेरून बाळ आत ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटी वाजवायची आणि अंधारात निघून जायचं. आतल्या बाजूला रात्रंदिवस एक बाई ड्युटीवर असायची, ती बाळ उचलून घ्यायची. ठेवणाऱ्याचं तोंड आतल्याला दिसत नाही, आतल्याचं बाहेरच्याला दिसत नाही, सगळी रचनाच तशी. भोक तान्ह्या बाळाच्या मापाचं, तरी लोक थोडी मोठी मुलं सुद्धा तेल लावून आत सरकवायचे असं म्हणतात.

आत गेल्यावर बाळाची नोंद व्हायची, बाप्तिस्मा व्हायचा, गळ्यात नंबरवाला शिशाचा बिल्ला बांधायचे. नाव ठेवायला अडचण नाही, पण आडनाव कुठून आणणार? बापाचं नाव माहीतच नाही. मग लिहायचे एस्पोसितो. सुरुवातीला हे आडनाव नव्हतंच खरं तर, रजिस्टरमधला शेरा होता, आपण फॉर्मवर 'लागू नाही' लिहितो ना तसं, आणि तो शेराच माणसाला चिकटला आणि त्याच्या पोरांना, नातवंडांना मिळत गेला.

तेव्हा दोन एस्पोसितो समोरासमोर आले तर त्यांचे पूर्वज भाऊ असण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या रात्री त्याच भोकातून आत आलेली दोन अनोळखी पोरं असण्याचा चान्स जास्त. रक्ताचं नातं काही नाही, दार एकच.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. इटलीत आडनाव बापाकडून मुलांना जायचं, म्हणजे त्या चाकातून आलेल्या मुलींचं एस्पोसितो पुढे चाललंच नाही (मुलींना संस्था लग्नासाठी हुंडा द्यायची, तो वेगळा विषय). मुलांमधली निम्म्याहून जास्त पोरं लहानपणीच जायची, कारण एवढ्या तान्ह्यांना पुरेल इतकं दूध आणायचं कुठून, आणि रोगराई तर होतीच. म्हणजे मुली वजा, मेलेली मुलं वजा, जगले पण लग्न झालं नाही ते वजा, आणि एवढी वजाबाकी करून सुद्धा आज एस्पोसितो इटलीतल्या सगळ्यात कॉमन आडनावांच्या यादीत रोस्सी, रुस्सो आणि फेर्रारीच्या पाठोपाठ येतं. मग मूळ आकडा केवढा असेल!

प्रश्न : मी वाचलं की हे आडनाव देण्यावर बंदी आली होती. कोणी घातली आणि का? आणि बंदी आली तर आज एवढे लोक कसे?

उत्तर : बंदी आली ती १८१४ मध्ये. तेव्हा नेपल्सच्या गादीवर जोआकिम म्युरा होता, नेपोलियनचा मेहुणा, मूळचा फ्रेंच घोडदळाचा सेनापती. एस्पोसितो म्हटलं की समोरच्याला लगेच कळायचं की हा चाकातला, आईबाप माहीत नसलेला, मग नोकरीत लग्नात सगळीकडे ते आडवं यायचं, म्हणून ठरलं की इथून पुढे सापडलेल्या मुलांना हे आडनाव द्यायचं नाही, काहीतरी वेगवेगळी नवीन आडनावं बनवायची. म्हणजे शिक्का बंद झाला, चाक चालूच. नेपल्सचं चाक बंद झालं १८७५ मध्ये. तिकडे उत्तरेत फेर्रारा शहराने त्याआधी १८६७ मध्येच आपलं बंद केलं होतं, आणि पूर्ण देशात कायद्याने ही पद्धत संपली ती थेट १९२३ मध्ये.

आता बंदी येऊनही इतके लोक कसे, तर बंदी नवीन वाटपावर होती, ज्यांना आधीच मिळालंय त्यांच्याकडून काढून थोडंच घेतलं. १८१४ पर्यंत निदान दोन-अडीचशे वर्षं हे आडनाव वाटून झालं होतं, त्या लोकांची पोरंबाळं वाढतच गेली.

नंतर इटलीने हा नियम कायद्यातच घातला. १९३९ च्या जन्मनोंदणी कायद्यात स्पष्ट आहे की आईबाप अज्ञात असलेल्या मुलाला असं आडनाव द्यायचं नाही ज्यावरून त्याचा जन्म उघड होईल, आणि एखाद्या प्रसिद्ध घराण्याचं पण द्यायचं नाही. २००० सालच्या नवीन नियमांत पण तीच सावधगिरी ठेवलीये. त्यामुळे आज नेपल्समध्ये एखादं बाळ बेवारस सापडलं तर त्याला काहीही नाव मिळेल, पण ते तसलं सांगणारं नसेल. आणि आजचं एस्पोसितो ऐकून तिथे कोणाची भुवई पण वर जात नाही. जेन्नारो एस्पोसितो किंवा चिरो एस्पोसितो म्हणजे तिकडचा अगदी सर्वसामान्य माणूस, विनोदात उदाहरण द्यायचं झालं तर हीच नावं घेतात. ज्या शिक्क्याची लाज म्हणून राजाला हुकूम काढावा लागला तो इतक्या लोकांवर बसला की शिक्का म्हणून त्याची किंमतच गेली.

प्रश्न : आज एस्पोसितो लोक नक्की कुठे कुठे आहेत? फक्त नेपल्सच का?

उत्तर : मुख्य अड्डा नेपल्सच. नेपल्स शहर आणि आजूबाजूचा प्रांत धरला तर हे तिथलं एक नंबरचं आडनाव, आणि पूर्ण कंपानिया विभागात पण तेच पुढे. नकाशावर बघितलं तर व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या चारही बाजूंनी गडद रंग, मग कासेर्ता, सालेर्नोकडे जरा फिका होत जातो. आता शहरातल्या संस्थेची पोरं खेड्यांत कशी पोचली, तर दुधामुळे. संस्थेत तान्ही पोरं ढीगभर आणि दूधआया मोजक्या, म्हणून बाळं बाहेरगावच्या बायकांकडे पैसे देऊन पाठवायचे, एक-दोन वर्षांसाठी. त्यातली काही पोरं जगली, त्या घराला त्यांचा लळा लागला आणि ती तिथेच शेतावर नाहीतर मच्छीमारीत राहिली. घर दुसऱ्याचं, बोलीभाषा गावची, आडनाव मात्र शहरातल्या त्या भिंतीचं. मला विचाराल तर या आडनावाचा नकाशा म्हणजे दूधआयांचाच नकाशा आहे.

स्पेलिंग आणि रूप पण जागेप्रमाणे बदलतं. सोर्रेंतोच्या बाजूला देस्पोसितो सापडतं. कॅलाब्रिया, सिसिलीकडे सुरुवातीचा ए गळून स्पोसितो. आणि वर बोलोन्याकडे देल्यी एस्पोस्ती, म्हणजे अर्थ तोच, फक्त त्यांनी अनेकवचन करून टाकलं, 'सोडलेल्यांपैकी'. नटी पिएरा देल्यी एस्पोस्ती बोलोन्याचीच होती, २०२१ ला गेली.

इटलीबाहेर ते गेलं आगबोटींनी. १८८० ते १९२० च्या दरम्यान सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत उतरले, बहुतेक दक्षिणेतले, आणि त्यांचं निघायचं मोठं बंदर नेपल्स, मग यादीत एस्पोसितो असणारच. न्यूयॉर्क, न्यू जर्सीकडे खूप आहेत, अर्जेंटिना, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आहेत, फ्रान्समध्येही.

अर्जेंटिनाचं मात्र जपून. तिथे एस्पोसितो दिसलं म्हणजे इटालियनच असं धरू नका, कारण स्पॅनिशमध्ये एक्सपोसितो म्हणजे तोच शब्द, तोच अर्थ, तोच प्रकार. ब्युनोस आयर्समध्ये स्पॅनिश व्हाइसरॉय व्हेर्तिसने १७७९ मध्ये असंच घर काढलं आणि ते चालवायला पैसे हवेत म्हणून एक छापखाना त्याला जोडून दिला, तो छापखाना 'सोडलेल्या मुलांचा छापखाना' याच नावाने ओळखला जायचा आणि पुढे अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याच्या काळातली पत्रकं त्याच यंत्रावर छापली गेली. स्पेनमध्ये तर १७९४ मध्ये राजा चौथ्या कार्लोसने फर्मान काढलं की या मुलांना कायद्याने औरस धरायचं आणि त्यांना त्यावरून शिव्या द्यायच्या नाहीत. म्हणजे कोणी तरी देत होतं.

प्रश्न : अशी दुसरी पण आडनावं आहेत का इटलीत? आणि कोलंबस त्यातलाच असं एकाने छातीठोकपणे सांगितलं, खरं आहे का?

उत्तर : आहेत, भरपूर, आणि गंमत म्हणजे प्रत्येक शहराचं आपापलं. रोममध्ये प्रोइएत्ती, म्हणजे टाकलेले, लॅटिनमधल्या फेकणे या क्रियापदावरून. एस्पोसितोपेक्षा हे ऐकायला कठोर, तरी जिजी प्रोइएत्ती हा रोमचा लाडका नट हेच आडनाव घेऊन २०२० पर्यंत स्टेज गाजवत होता. सिसिलीत त्रोव्हातो, म्हणजे सापडलेला. बघा, तीच घटना, एकाने ठेवणाऱ्याच्या बाजूने नाव दिलं, दुसऱ्याने उचलणाऱ्याच्या बाजूने.

फ्लोरेन्सने सगळ्यात चांगलं नाव दिलं असं माझं मत, इन्नोचेंती, म्हणजे निष्पाप. तिथली संस्था रेशीमवाल्यांच्या संघाने बांधली, काम १४१९ ला सुरू, डिझाइन ब्रुनेलेस्कीचं, तोच ज्याने फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट उभा केला. १४४५ मध्ये दार उघडलं आणि पहिली आलेली मुलगी, तिचं नाव ठेवलं आगाता स्मेराल्दा. इमारत अजून आहे, कमानींच्या वर दुपट्यात गुंडाळलेल्या बाळांच्या निळ्या-पांढऱ्या गोल चकत्या आहेत, आन्द्रेआ देल्ला रोब्बियाने केलेल्या. आणि आतल्या म्युझियममध्ये ठेवलेत अर्धे तोडलेले बिल्ले, मणी, रिबिनीचे तुकडे. बाळाबरोबर आई अर्धा बिल्ला ठेवायची आणि उरलेला अर्धा स्वतःकडे, की कधी परिस्थिती सुधारली तर येऊन जोडून दाखवता येईल की हे माझं. म्युझियममध्ये जे आहेत ते अर्थातच संस्थेकडे राहिलेले अर्धे. लॅम्ब्रेटा स्कूटर काढणाऱ्या फेर्दिनान्दो इन्नोचेंतीचं आडनाव हेच, तो पण जन्माने तोस्कानाचा, म्हणजे फ्लोरेन्स ज्या विभागात येतं तिथला, पेश्या नावाच्या गावचा. पण त्याच्या घराण्यात कोणी त्या संस्थेतून आलं होतं असं नुसत्या आडनावावरून म्हणणं चूक, ते मी म्हणत नाही.

आणि हाच मुद्दा कोलंबसला लागू. मिलानच्या मोठ्या हॉस्पिटलच्या चिन्हात कबुतर होतं, आणि तिथे सोडलेल्या मुलांना कोलोम्बो, म्हणजे कबुतर, हे आडनाव द्यायचे, १८२५ पर्यंत दिलं. त्यामुळे लोम्बार्दी विभागात आज कोलोम्बो पहिल्या नंबरावर आहे. पण क्रिस्तोफोरो कोलोम्बो जेनोव्हाचा, पंधराव्या शतकातला, बाप विणकर, बापाचं नाव दोमेनिको, सगळं कागदोपत्री आहे. आणि कोलोम्बो हे पूर्वीपासून माणसाचं स्वतःचं नाव पण होतं, त्यावरूनही आडनाव पडतं. तेव्हा तुमच्या त्या छातीठोक मित्राला सांगा, कबुतर बरोबर, घरटं चुकलं.

ता. क. म्हणून हेही सांगतो, मिलान शहरातल्या सगळ्यात कॉमन आडनावांच्या यादीत आता रोस्सी, कोलोम्बोबरोबर हू पण अगदी वर आलंय, चिनी. शंभर वर्षांनी असाच कोणीतरी प्रश्न विचारेल की मिलानचे सगळे हू एकमेकांचे कोण.

प्रश्न : माझी सून न्यू जर्सीची, माहेरची एस्पोसितो. तिच्या पणजोबांचं मूळ शोधून वाढदिवसाला द्यावं असं मनात आहे. एका साइटवर एस्पोसितो घराण्याचं राजचिन्ह फ्रेम करून मिळतंय, घेऊ का?

उत्तर : ताई, ते चिन्ह अजिबात घेऊ नका. वरचं सगळं वाचलंत ना, घराणंच एक नाही तर चिन्ह कोणाचं? ते म्हणजे 'लागू नाही' या शेऱ्याचं राजचिन्ह झालं.

त्यापेक्षा हे करा. आधी घरातल्या म्हाताऱ्यांकडून गावाचं नाव काढा, 'नेपल्सजवळचं' एवढ्यावर भागत नाही, नेमकं गाव लागतं, कारण तिथले जन्ममृत्यूचे दाखले गावागावच्या नगरपालिकेत असतात. ते कुणालाच आठवत नसेल तर अमेरिकेतले नागरिकत्वाचे अर्ज नाहीतर बोटीची प्रवासी यादी बघा, तिथे बऱ्याचदा असतं. (न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथे बोटीने आलेल्यांची तपासणी व्हायची, तिथल्या अधिकाऱ्याने आडनाव बदललं ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट बहुतेक वेळा खरी नसते, ते अधिकारी बोट सुटताना बनवलेल्या यादीवरूनच नाव वाचायचे.) गाव कळलं की इटलीच्या सरकारी पुराभिलेखागाराचं अंतेनाती नावाचं पोर्टल आहे, फुकट आहे, त्यावर जुन्या रजिस्टरांचे फोटो आहेत. नेपल्सकडे सरकारी नोंदणी म्युराच्याच काळात १८०९ ला सुरू झाली, म्हणजे तिथपर्यंत मागे जायची सोय आहे, त्याआधीचं चर्चच्या रजिस्टरमध्ये. आणि बायकांना शोधताना माहेरच्या आडनावाने शोधा, इटालियन दाखल्यांत बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावाने असते.

एक आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. मागे जात जात एखाद्या ठिकाणी पूर्वजाचा बाप सापडणारच नाही, तिथे तो चाकातला मुलगा असेल. पण रेकॉर्ड तिथे कोरडं नसतं, बाळ किती वाजता मिळालं, अंगावर काय कपडे होते, बरोबर चिठ्ठी किंवा तुटका बिल्ला होता का, हे बऱ्याचदा लिहिलेलं असतं. तसं पान सापडलं तर त्याचीच प्रिंट काढून फ्रेम करा.

प्रश्न : उच्चार नक्की काय? टीव्हीवर एस्पोझीटो म्हणतात.

उत्तर : अमेरिकेत 'झी'वर जोर देतात, इटलीत जोर 'पो'वर, एस्पोऽसितो, आणि शेवटचा त मऊ, ट नाही. मधला स उत्तर इटलीत झ सारखा होतो, नेपल्समध्ये स्वच्छ स. आडनाव त्यांचं आहे, तेव्हा आम्ही या पानावर सगळीकडे स लिहिलाय.